नेम चुकणाऱ्यांचा रविवार

मिलिंद गजभियेचा नेम आयुष्यात कधी चुकला नाही. तो गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, क्लेमेंटीतल्या एका हॉलमध्ये, सिंगापूरच्या उकाड्यात शाल पांघरलेल्या एका वक्त्याने हे जड आवाजात सांगितलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. मी त्याच्या मागे उभा राहून कित्येक रविवार त्याला नेम चुकवताना पाहिलं होतं. इतक्या जवळून इतकं सातत्याने चुकणारा माणूस आमच्या क्लबात दुसरा नव्हता, आणि इतका खूश दिसणाराही नव्हता.

मिलिंद मूळचा नागपूरचा, इथे पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करायचा. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. पिस्तूल नेमबाजीच्या या क्लबात मला त्यानेच ओढून नेलं. टीव्हीवर दिसते ती नेमबाजी म्हणजे एका जागी उभं राहून श्वास रोखणं. आमची तशी नाही. आडोशांमधून धावायचं, कधी खिडकीतून तर कधी दाराआडून कागदी लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. घाई केली तर गुण जातात, जपून केलं तर वेळ जातो. पन्नाशीतल्या माणसांनी हे का करावं, असं मी त्याला एकदा विचारलं होतं.

"अरे, ऑफिसात वर्षभर राबूनही समजत नाही आपण बरोबर होतो का चूक," तो म्हणाला. "इथं बीप वाजला की अर्ध्या मिनिटात समजते. अन् चूक निघाली तर कमिटी बसत नाही."

सुनंदावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, यातलं काहीच पटत नव्हतं. "घरात बुद्धाची मूर्ती आणि तुम्ही बंदूक चालवायला जाता?" असं त्या माझ्यासमोरच त्याला विचारायच्या. तो शांतपणे म्हणायचा, "कागद मारतो मी. तोही बहुतेक वेळा वाचते." वहिनी हसायच्या नाहीत. त्या कधी क्लबात आल्याही नाहीत.

मग त्याच्या पोटाचा आजार निघाला. उपचार सुरू झाले, वजन उतरलं, पिस्तूल जड वाटू लागलं. एक दिवस हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, समोरची कॉफी तशीच थंड होऊ देत तो मला म्हणाला, "तिनं एकदा यावं रे. मी जिंकणार नाही, ते तर तिलाही माहीत आहे. पण मी तिथं कसा असतो ते तिनं पाहावं... एकदा, बस." त्यानंतर त्याने वहिनींना कसं मनवलं ते मला ठाऊक नाही. त्या आल्या. पांढरी साडी, कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन, आणि चेहरा एखाद्या शाळेची तपासणी करायला आल्यासारखा.

बीप वाजला. मिलिंद निघाला, पहिल्या खिडकीतून बरा खेळला, आणि मागच्या आडोशाकडे वळताना त्याच्या पिस्तुलाचं तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळलं. "स्टॉप!" पंच बाई ओरडल्या. आमच्याकडे या चुकीला माफी नाही. स्पर्धा तिथेच संपते. पिस्तूल रिकामं झाल्याची खात्री करून घेतल्यावर त्याने पंचांचे आभार मानले आणि तो बाहेर आला. बायको बघतेय का, हे पाहायला तो वळला असावा, असा माझा संशय आहे. त्याने ते कधी कबूल केलं नाही.

"हे काय? झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं. बाद."

"कोणाला लागलं का?"

"नाही."

"मग?"

"लागू शकलं असतं."

वहिनींनी आडोशांकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "इतकी काळजी तुम्ही घरी गॅस बंद करताना घेतली असती तर..."

मला वाटलं, आता त्या टॅक्सी बोलावतील. पण आमच्याकडे एकाचं झालं की बाकीचे पुढे जाऊन लक्ष्यांवरची भोकं चिकटपट्टीच्या तुकड्यांनी बुजवतात, म्हणजे पुढच्याला कागद कोरा मिळतो. बाद झालेला माणूसही थांबतो आणि हे काम करतो. मिलिंद वाकून भोकं बुजवू लागला. दोन-तीन कागद झाल्यावर वहिनींनी त्याच्या हातातून चिकटपट्टीचा गुंडाळा घेतला. "सरळ लावा हो. आणा इकडे." पुढे दिवसभर क्लबातला एक टॅक्सी ड्रायव्हर, एक दातांचा डॉक्टर आणि वहिनी एकमेकांशी तोडक्या इंग्रजीत बोलत भोकं बुजवत होते. पुढच्या खेळाडूने कुठे पाय ठेवला तर बरं, हे त्याचे प्रतिस्पर्धीच त्याला सांगत होते. मिलिंद खुर्चीवर बसून लहान मुलासारखा हसत होता. संध्याकाळी पंच बाईंनी सिंगापुरी इंग्रजीत, जमेल का या अर्थाने, विचारलं, "आंटी, नेक्स्ट टाइम यू शूट, कॅन?" वहिनी म्हणाल्या, "कॅन."

त्यांनी खरंच नाव घातलं. परवानगी, सुरक्षेचा कोर्स, सगळं रीतसर. मिलिंद पलंगावरून सूचना द्यायचा आणि त्या त्यातल्या निम्म्या धुडकावून लावायच्या. त्यांची पहिली स्पर्धा पाहायला मात्र तो राहिला नाही.

इतक्या लवकर स्पर्धेला जाणं बरं दिसत नाही, असं काही लोक बोलले. वहिनी म्हणाल्या, "नाव दिलंय." स्पर्धेच्या दोन दिवस आधी मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो होतो. पिस्तूल क्लबातच राहतं, घरी आणता येत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत त्या रिकामा हात पुढे धरून, ओठांनी काहीतरी मोजत, चालत होत्या. मिलिंद याच वाटेवर असाच चालायचा. फ्रिजपाशी वळताना त्यांनी बोटाचं टोक काळजीपूर्वक समोर ठेवलं. त्यांची मुलगी सोफ्यावरून त्याच सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, पप्पा वॉज वर्स लाह."

गेल्या रविवारी स्पर्धा झाली. वहिनी बाद झाल्या नाहीत. त्या शेवटून दुसऱ्या आल्या. शेवटचा मी.