दारातला राखण्या

“त्यो बघायलाय बरं!”

कुणी खोटं बोललं, कुणी दुसऱ्याच्या रानात शेळी घातली, की मावशी देवळाकडं बोट करायची.

मानवतकडच्या एका गावात मी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. मावशी माझी शेजारीण. धनगराची, एकटी, शेळ्यांवर जगणारी. ‘त्यो’ म्हणजे गावाबाहेरच्या जुन्या महादेवाच्या दारातला दगडी शरभ. अंग सिंहाचं, डोक्यावर शिंगं, पंजाखाली इवलासा हत्ती. असली जनावरं तुम्हीही देवळांच्या दाराशी पाहिली असतील. आपण पाहतो आणि आत जातो. मावशी आत जायचीच नाही. शरभाला हळद लावायची आणि परतायची.

“महादेवाला सोडून ह्याला कामून?” मी एकदा विचारलं.

“शिंगं बघा की डाक्टर. निम्मा आमच्या शेळ्यातलाच हाय. अन् देव आत निजतो, जागा ह्योच ऱ्हातो.”

तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, बौद्धवाड्यातली. दोघी मिळून गवत कापायच्या, एका फडक्यातली भाकर खायच्या. देवळापाशी मात्र मैत्रीण लांब लिंबाखाली थांबायची. रीतच तशी होती.

पुढं विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात गावं पेटली. एका दुपारी जमाव बौद्धवाड्यावर येतोय अशी आवई उठली. मैत्रीण धाकट्या लेकीला घेऊन मावशीकडं धावत आली. मावशीनं दोघींना सरळ गाभाऱ्यात नेलं, शेळ्या दारात कोंडल्या आणि शरभाला टेकून, काठी आडवी धरून बसली.

काही जण शोधत आलेच. पुढं तिचाच पुतण्या.

“काकू, आत कोन हाय?”

“शेळी अडलीय. बघायचं आसंल तर मला वलांडून जा.”

पुतण्यानं एकदा काठीकडं पाहिलं. मग मान खाली घालून बाकीच्यांना म्हणाला, “चला रं. शेळ्याच हायत.”

ही हकीकत मावशीनंच मला सांगितली. इथवर तिचा आवाज खणखणीत असायचा. पुढं बसायचा.

त्या बाहेर आल्या तेव्हा मैत्रिणीचं घर जळून गेलं होतं. राखेकडं बघत ती म्हणाली, “तुझ्या राखण्यानं आमाला राखलं, बाई. घर न्हाई राखलं.” मानवत रोडच्या स्टेशनावरून मायलेकी गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

आत कोण होतं ते कळल्यावर गावानं गाभारा गोमूत्रानं धुतला आणि मावशीला देवळाची पायरी बंद केली. “मी कवा आत जायची?” म्हणून ती हसली. पण हळद थांबली, आणि तोंडातलं ‘त्यो बघायलाय’ही गेलं. एकदा शेळीला औषध पाजताना आपणहून म्हणाली,

“तिला लिंबाखाली हुबी करून मी हळद लावायची, डाक्टर. इतकी वर्सं. ती काई बोलली न्हाई, अन् मी कदी इचारलं न्हाई.”

विद्यापीठाला नवं नाव लागलं, तोवर मी निवृत्त होऊन तिथंच राहिलो होतो. त्याच आठवड्यात एक तरुण बाई मावशीचं घर विचारत आली. हातात पेढ्यांचा पुडा.

“आईनं धाडलंय. तिला गावात यायचं न्हाई. पन मावशीचं तोंड गोड करून ये म्हनली.”

मावशी आदल्या हिवाळ्यात गेली, हे मी तिला सांगितलं.

तिनं मावशीच्या दाराचं कुलूप पाहिलं. पुडा उंबऱ्यावर ठेवावा की परत न्यावा, तिला कळेना. शेवटी तो पोटाशी धरून ती ओट्यावर टेकली, आणि एसटीची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली.