रेश्माच्या सुट्टीची सही

रेश्मा गेल्याचं कॅज्युअल्टीतल्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, मला फोनवर सांगितलं, तेव्हा तिनंच तासाभरापूर्वी माझ्या ताब्यात दिलेल्या वॉर्डात मी उभी होते. रविवार, दुपारचे चार. शनिवारी सकाळी कामाला लागलेली ही पोरगी रविवारी दुपारी तीनला सुटली, स्कूटी काढली आणि घरी हातकणंगल्याला निघाली. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नव्हती म्हणे. कशी असेल? झोप लागलेलं माणूस ब्रेक मारत नाही.

त्याला आता सहा आठवडे झाले. राग हळूहळू निवतो, असं सगळे सांगतात. माझा निवत नाही, आणि मला तो निववायचाही नाही.

आम्ही दोघी इंटर्न. म्हणजे परीक्षा पास झालेल्या, पण वर्षभर वॉर्डात राबल्याशिवाय डॉक्टर म्हणून नोंद होत नाही अशा. रक्त काढा, सलाईन लावा, रिपोर्टमागं धावा, नातेवाइकांच्या शिव्या खा. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची रुग्णालयं म्हणतील, आपण सुटलो. इंटर्नचा प्रतिनिधी निवडायचा होता तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि रेश्मा उठली. आवाज खणखणीत, आणि कोल्हापूरच्या पोरींसारखं बोलणं, ‘मी येतो, मी जातो’. आमच्या विश्रांतीच्या खोलीत जुन्या गाद्या कोंबल्या होत्या. त्या तिनं स्वतः ओढून व्हरांड्यात टाकल्या, खोलीला नवं कुलूप घातलं आणि किल्ली आमच्या हातात दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यात आम्ही एक नंबर.

तिची खरी लढाई सुट्टीच्या रजिस्टरशी होती. दर महिन्याच्या एक तारखेला कारकून ते घेऊन यायचा आणि आम्ही पुढच्या चारही साप्ताहिक सुट्ट्यांसमोर, ‘सुट्टी घेतली’ म्हणून, आगाऊ सह्या ठोकायचो. सुट्टी मिळायची नाहीच. पण तपासणीला कुणी आलं तर कागद स्वच्छ. रेश्मानं सही करायचं सोडलं. ज्या दिवशी घरी जाऊन झोपीन त्या दिवशी सही करीन, असं तिनं अधीक्षकांना तोंडावर सांगितलं. त्यांनी आधी समजावलं, मग झापलं, मग इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला अडकू शकतो असं हसत हसत सुचवलं. तरी तिच्या चौकटी रिकाम्याच राहिल्या.

अपघाताच्या त्या महिन्यात घाबरले ती मी. तिच्यासाठी घाबरले, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. शिंप्याची पोरगी, घरातली पहिली डॉक्टर, दाखला अडकला तर काय करील? कारकून म्हणाला, तुम्ही मैत्रीण ना, करून टाका की. मी करून टाकली. चारही रविवारांसमोर, तिच्या वळणाची सही. तिला कळलं असतं तर तिनं मला उभी सोलली असती... मी कळूच दिलं नाही.

शोकसभेत अधीक्षकांनी डोळे पुसले आणि सांगितलं की डॉ. रेश्मा त्या दिवशी साप्ताहिक सुट्टीवर होत्या, अपघाताचा ड्युटीशी काही संबंध नाही. रजिस्टर टेबलावर उघडंच ठेवलं होतं. एवढी तयारी करून आलेली ती शोकसभा! सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मीही राहिले, गप्प. त्या रविवारी तिनं लिहिलेले केसपेपर नंतर मागायला गेले, तर अर्ज द्या म्हणाले. अर्ज अजून टेबलं फिरतोय. निर्लज्ज माणसं... आणि त्यांच्यातच मी.

गेल्या आठवड्यात हातकणंगल्याला गेले. चाचा, म्हणजे रेश्माचे वडील, दुकानात बंद मशीनपुढं बसले होते. चहा झाला. त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले,

“पोरी, एक इचारू? त्या दिशी सकाळी तिचा फोन आलता. सुट्टी मिळाली न्हाय, दुपारी येतो म्हणाली. आणि सायेब म्हणत्यात सुट्टी हुती. सहीबी दाखवली मला. मग पोरगी माझ्याशी खोटं बोलली काय? कुठं गेलती ती?”

‘येते’ म्हणून उठले आणि पळाले. पोरगी गेल्याचं दुःख या माणसाला पुरेसं नव्हतं म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या पदरात हा संशयही टाकला. एसटीत बसल्यावर रडले, पण त्या रडण्याचा चाचांना काय उपयोग?

म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून देते आहे. अधीक्षकसाहेब, आता दाखला अडकवायचा तर माझा अडकवा. जे सहकारी अजून एक तारखेला रांगेत उभे राहतात, त्यांनी रांग सोडावी.

आणि चाचा, तुमची पोरगी कुठंही गेली नव्हती. ती वॉर्डातच होती. तुमच्याशी ती खरं तेच बोलली. खोटी आहे ती मी केलेली सही.