उपडी बशी

माझे यजमान नगरच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होते. मेजावर वाढायचं, पेले पुसायचे आणि जेवणाच्या वेळी वाईनच्या बाटल्या उघडायच्या, हे त्यांचं काम. बंगल्यामागं चाकरांच्या खोल्या होत्या, त्यातल्या शेवटच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. लढाईची वर्षं होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण चारचौघांत तोंड उघडायची मला फार लाज. बोलायचे ते फक्त ह्यांच्याशी.

संध्याकाळी काम उरकून आले की हे दारात बसत. मी भाकरी थापत असे. साहेब यांना नवी बाटली घोटभर चाखायला लावायचा, आणि त्या घोटाचं सगळं वर्णन माझ्या चुलीपाशी व्हायचं.

"पांढरी लई हलकी हुती आज. कैरीची फोड मीठ न लावता खावी तशी. जीभ धुऊन निघती बघ."

"आनि तांबडी?"

"तांबडी जड. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत हुती, तशी. गिळली तरी गालांच्या आत तुरट बसून ऱ्हाती. पानी पिलं तरी जात न्हाई."

"तुमी प्यायला लागला व्हय?"

"पीत न्हाई, चाखतो. नोकरीच हाय ती."

मी हसायचे, पण भाकरीवरून नजर वर करत नसे. माझ्या बापानं दारूपायी आमचं घर धुळीला मिळवलं होतं. लहानपणी मिशनच्या शाळेत आम्हा मुलींना उभं करून शपथ दिली होती की ओठाला थेंबही लावणार नाही. ती शपथ मी मनापासून घेतली होती. यांना ते ठाऊक होतं. मला कधी त्यांनी चाख म्हटलं नाही. फक्त सांगायचे.

मग एका थंडीत यांना ताप आला. बरेच दिवस अंथरुणावर होते. ताप उतरला, अंगात थोडी ताकद आली, आणि हे दारात पाठ करून चमचे पुसत बसले होते. मी नळावरून पाणी घेऊन येत होते. अंगणातच मला करपल्याचा वास आला. धावत आत गेले तर चुलीवरचं दूध आटून पातेलं काळं पडलेलं, आणि हे हातभर अंतरावर बसून चमच्यात तोंड बघत होते.

"अहो, वास न्हाई आला?"

"कसला?"

ते उठले. कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांना पाणी आलं. मग डब्यातली लवंग घेतली, मग घासलेटची बाटली. सगळं एकेक करून जागेवर ठेवलं आणि खाली बसले.

"काहीच न्हाई," म्हणाले. "कुनाला बोलू नको."

बोलणार तरी कुणाला. पण नाक गेलं हे साहेबाला कळलं असतं तर नोकरी गेली असती आणि खोलीही. नगरचा उन्हाळा माणसांना सोसत नाही, तिथं त्या बाटल्यांचं काय. हे अंधाऱ्या खोलीत वाळूवर त्या आडव्या ठेवत, वरून ओलं गोणपाट टाकत, तरी कितीतरी नासायच्या. बूच काढल्यावर आधी यांनी वास घ्यायचा, चांगली असली तरच मेजावर न्यायची, असा साहेबाचा नियम होता.

मग आम्ही एक रीत काढली. बाटल्यांच्या खोलीला मागून एक लहान खिडकी होती. हे बूच काढत, बशीत घोटभर ओतत आणि बशी खिडकीत ठेवत. मी बाहेर अंधारात उभी असे. वास घ्यायचा. चांगली असली तर बशी होती तशी ठेवायची. नासली असली तर बशीतलं मातीत ओतून ती उपडी घालायची. बोलायचं नाही. वास घेतल्यानं शपथ मोडत नाही, असं यांनीच मला समजावलं होतं.

बंगल्याचा खानसामा म्हातारा आणि तोंडाचा फटकळ. त्यानं एकदा पाहिलंच.

"बायकोला बशीतनं पाजतोस व्हय रे बटलर? वैनी, मटनाचं हाडूक देऊ का संगं?"

मी पदरात तोंड लपवून पळाले. पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. उलट पाहुणे असले की माझ्यासाठी खिडकीखाली पाट टाकून ठेवायचा.

मला ते वास हळूहळू कळू लागले. चांगल्या पांढरीला लिंबाच्या सालीचा वास यायचा, कधी पिकत आलेल्या पेरूचा, आणि त्याखाली नव्या माठातल्या पाण्याचा. तांबडीला जांभूळ, लवंग, भाजलेला चिंचोका, आणि अगदी शेवटी पावसात भिजलेल्या लाकडाचा. नासलेलीही दोन तऱ्हांची असे. एकीला आंबट शिरक्याचा वास नाकात घुसायचा. दुसरीला पावसाळाभर बंद पेटीत राहिलेल्या लुगड्याचा.

एकदा मोठी मेजवानी होती. मी एक बशी उपडी घातली. यांनी दुसरी बाटली उघडली, तिचीही बशी मी उपडी घातली. यांनी खिडकीशी तोंड आणलं.

"नीट बघ अगं. साहेबाच्या ठेवनीतली हाय. डोकं फिरंल त्याचं."

"खराबच हाय."

"नक्की?"

मी बशी तशीच उपडी ठेवली. हे तिसरी काढायला वळले. त्या दिवसानंतर त्यांनी मला पुन्हा कधी 'नक्की का' विचारलं नाही.

बाटल्यांचं असं निभावलं. जेवणाचं निभेना. यांना कशालाच चव राहिली नव्हती. आंबट, खारट एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं ओला कापूस चावल्यासारखं, म्हणायचे. अन्नावरून हात उठू लागला. गालाची हाडं दिसायला लागली. तेव्हा एक दिवस ताट पुढं ठेवल्यावर हे म्हणाले, "तू सांग की. मी सांगायचो तसं."

मला फार लाजल्यासारखं झालं. तरी सांगितलं. "मेथी हाय. लसूण जरा जास्त लाल झालाय. भाकरीला चुलीचा धूर लागलाय, कड खरपूस हाय." हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग घास घेतला. तेव्हापासून प्रत्येक ताटावर मी सांगायचे आणि मग हे जेवायचे. माझ्यासारखी मुकी बाई रोज दोन वेळा बोलायला शिकली.

राज्य बदललं तेव्हा साहेब मायदेशी गेला. जाताना यांच्या हातात एक तांबडी बाटली दिली. आम्ही गावात एक खोली घेतली. एका बोर्डिंगात मुलांना वाढायचं काम यांना मिळालं. बाटली मी माठाच्या खाली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. काहीतरी चांगलं घडलं की फोडू, असं हे म्हणायचे.

चांगलं काही घडलं नाही. पुढच्या वर्षी यांच्या छातीत दुखणं शिरलं. खोकला थांबेना. उन्हाळ्याच्या एका दुपारी हे भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "ती काढ."

मी बाटली आणली. बूच यांनीच काढलं, मला हात लावू दिला नाही. बशीत ओतली. मग बशी माझ्याकडं सरकवली.

"आज नुस्ता वास नको. चाख. तोंडात कशी लागती ते सांग. एकदाच."

मला शपथ आठवली. बाप आठवला. यांच्याकडं पाहिलं, हे डोळे मिटून तयार बसले होते, ताटावर बसायचे तसे. मी बशी तोंडाला लावली.

नाकाशी आली तेव्हाच कळलं होतं. तरी घोट घेतला. शिरका. उन्हाळ्यानं तिची वाट लावली होती. जीभ पोळली. आयुष्यात मी चाखलेली वाईन ती तेवढीच.

खोटं सांगता आलं असतं. चांगल्या तांबडीचं सगळं वर्णन मला पाठ होतं. पण मी कधी खोटी बशी ठेवली नव्हती, आणि हे त्यावरच विसंबून मेजापर्यंत जायचे. मी उरलेलं मोरीत ओतलं आणि बशी त्यांच्यापुढं उपडी घातली.

बशी टेकल्याचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. बघतच राहिले. मग हसले, हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळत राहिले.

"जाऊ दे," म्हणाले. "मग जुनी सांग."

"कुठली?"

"कुठली बी. चांगली."

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "तांबडी हाय. वास जांभळाचा, मागनं लवंग. लाकूड भिजल्यागत. तोंडात जड. जीभ खरखरीत हुती." वास माझे होते, पण चव मला कुठं ठाऊक होती. ती मी त्यांनीच माझ्या चुलीपाशी सांगितलेली परत सांगत होते. "गिळली तरी गालांच्या आत तुरट बसून ऱ्हाती."

"पानी पिलं तर?"

"तरी जात न्हाई."

यांनी घोट गिळल्यासारखं केलं. गळ्याची घाटी हललेली मला दिसली. पाऊस सुरू व्हायच्या आत हे गेले.

आमच्या ख्रिस्ती मंडळींच्या देवळात प्रभुभोजनाला वाईनऐवजी मनुका भिजवून, उकळून केलेला रस देतात. गोड असतो, पातळ, जिभेवर थांबत नाही. पेला हातात आला की मी आधी वास घेते. शेजारच्या बायका बघतात. घरी ताट वाढून घेतलं तरी तसंच होतं. मेथी आहे, लसूण नीट झालाय, भाकरी आज जरा कच्ची आहे, असं मी हळू आवाजात सांगते. ऐकायला कोणी नाही. तरी पुरतं सांगून झाल्याशिवाय माझा पहिला घास उतरत नाही.