चाळीस पिनांचा बोर्ड

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटली, पण रामाकोन्यापासून मोहगावपर्यंत विहिरींवरच्या मोटारींचं वायरिंग मी केलं आहे. वायर कुठं लावायची हे मला कधी कोणी सांगावं लागलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात सुनेनं संत्र्याच्या बगीच्यात तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवायला घेतला. झाडांच्या आठ ओळींचे पाण्याचे आठ वॉल तोच उघडणार, तोच बंद करणार. त्याच्या बोर्डाच्या एका कडेला दोन रांगांत चाळीस पिना. कोणत्या पिनचं काय काम, हे ठरवताना ती आधी महिनाभर डोकं धरून बसायची. मग तिनं एक प्रोग्राम आणला. त्यात पिनांचं चित्र होतं. पिन दाबा, काम निवडा, वायरीची जागा हिरवी होते.

शाळेत शिकवायला निघताना ती म्हणाली, "मामाजी, पिनांचे नंबर कागदावर लिहून ठेवले. पण वायरी संध्याकाळी लावू, चित्र पाहून."

"मले आता चित्र पाहून वायर लावा लागते का?"

"मलेही पाहा लागते, मामाजी," ती हसली.

दुपारी तो कागद घेऊन मी एकट्यानंच वायरी लावल्या. आमच्याकडे बगीच्याच्या ओळी विहिरीकडून मोजतात. जिकडून पाणी, तिकडून एक. बोर्ड बसवलेल्या डब्यात जिकडून वीज येत होती तिकडून मी एक धरला आणि सरळ मोजत गेलो. बोर्डाचा एक नंबर दुसऱ्या टोकाला होता, आणि मोजणी आडवी, एक या रांगेत, दोन त्या रांगेत. पाच व्होल्टची वायर भलत्याच पिनवर बसली. बटन दाबलं. धूरसुद्धा निघाला नाही, नुसता दिवा विझला.

नवा बोर्ड यायला आठ दिवस लागणार होते. झाडावर बोराएवढी फळं, पाणी चुकलं की खाली सडा.

"उलटं मोजते तुमचं यंत्र, त्याले मी काय करू?" मी संध्याकाळी म्हटलं.

सुनेनं जळालेला बोर्ड काढून फडक्यात गुंडाळला. भांडली असती तर बरं झालं असतं. पोरगा म्हणाला, "बाबा, त्या डब्याले आता हात नोका लावू." त्यानं डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्यादेखत तिच्या हातात दिली. या भागातल्या किती स्टार्टरच्या पेट्या लोकांनी माझ्या भरवशावर उघड्या टाकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बगीच्यात गेलो, मोटर सुरू केली आणि एकेक वॉल हातानं फिरवून सगळ्या झाडांना पाणी दिलं. घरी आलो तेव्हा सुनेनं चहा पुढे केला. मी घेतला. चूक माझी होती, एवढं मात्र म्हटलं नाही.