इंजिनाच्या नंबरावरचं कुंकू

"काका, हे इंजिन या गाडीचं नाही," मी सांगून टाकलं.

जोगळेकर काका गराजच्या दारात स्टूल टाकून बसले होते. ते ताडकन उठले. "मेश्राम, ही गाडी मी शोरूममधून स्वतः ड्राइव्ह करून घरी आणली. इंजिन एकदाही बाहेर काढलेलं नाही. तुम्ही मला खोटारडा म्हणताय?"

गोष्ट १९८६ची, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातली. जुन्या गाड्या विकत घेणाऱ्यांसाठी त्या गाड्या तपासून रिपोर्ट देणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी इन्स्पेक्टर होतो. काकांची गाडी १९६९ची मसल कार होती. मसल कार म्हणजे साध्या दोन दारी गाडीत आडदांड इंजिन बसवायचं आणि वर शर्यतीचे पट्टे ओढायचे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, काकूंना न विचारता काकांनी ती घेतली होती. काकू त्यावरून अजून टोमणे मारत होत्या.

आता डॉक्टरांनी काकांचं ड्रायव्हिंग बंद केलं होतं. डोळे अधू झाले होते. पेनसिल्व्हेनियातला एक कलेक्टर, म्हणजे जुन्या गाड्या जमवणारा शौकीन, गाडी घ्यायला तयार होता, पण 'नंबर्स मॅचिंग' असेल तरच. म्हणजे फॅक्टरीतून निघताना गाडीत जे इंजिन होतं, तेच आजही हवं. काकांनी तसं लिहून दिलं होतं. ते खरं की खोटं, हे बघायला त्या कलेक्टरने आमच्या फर्मला नेमलं होतं.

हे ओळखायचं कसं? इंजिनाचा ब्लॉक ओततानाच त्यावर तारीख उमटते. आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ही तारीख गाडीच्या जन्माआधीची हवी, पण फार आधीची नको. गाडी मार्चची आणि ब्लॉक मेचा असेल तर इंजिन नंतर बदललंय, एवढं साधं गणित. काकांची गाडी मार्चची, ब्लॉक फेब्रुवारीचा. कार्बोरेटर, आल्टरनेटर, खिडक्यांच्या काचा, सगळ्यांवरचे कोड जुळत होते. मी खूश होतो.

मग मी नंबराकडे वळलो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची एक सपाट पट्टी असते. तिच्यावर फॅक्टरीत गाडीचा नंबर ठोकतात. ती पट्टी मशीनवर तासलेली असल्याने तिच्यावर बारीक समांतर रेघा असतात. लबाड लोक दुसरं इंजिन आणून त्याचा नंबर घासून काढतात आणि हवा तो नंबर ठोकतात. नंबर कसाही ठोकता येतो, रेघा मात्र परत आणता येत नाहीत. काकांच्या इंजिनावर नंबर बरोबर होता आणि रेघा गायब होत्या. पट्टी आरशासारखी गुळगुळीत. आकड्यांच्या खाचांत लालसर काहीतरी बसलं होतं. मला वाटलं, भंगारातून आणलेल्या इंजिनाचा प्रायमर, रंगाखालचं अस्तर.

मी हे समजावलं तसे काका खाली बसले. "या गाड्यांच्या क्लबात सतरा वर्षं आहे मी," ते म्हणाले. "एकटा इंडियन. डोळे गेले तर चालेल हो, नाव जायला नको."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटण्यावर रिपोर्ट लिहिता येत नाही. मी क्लिपबोर्डवर पेन्सिलीने 'रीस्टॅम्प', म्हणजे नंबर नंतर ठोकलेला, असं लिहिलं.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी टाचणीने खाचेतलं लाल खरवडून पांढऱ्या रुमालावर घेत होतो. त्यांनी वाकून पाहिलं.

"अहो, हे तर कुंकू आहे."

"कसलं कुंकू?"

"दसऱ्याचं! दर दसऱ्याला हे गाडीची पूजा करतात. बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावतात. सगळीकडे तेल आणि खरबरीत लोखंड. म्हणून तेवढी एक सपाट जागा शोधून ठेवलीय. आदल्या दिवशी पॉलिश पेपरने चकचकीत करून घेतात."

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी म्हणत होतो ती पट्टी हीच, हे त्यांच्या अधू डोळ्यांना दिसलंच नव्हतं. "लोखंडाला गंज असला तर देवाचं कसं करायचं?"

आमच्या घरी दसरा म्हणजे पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायचं. यंत्राची पूजा मी पाहिली ती पुढे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस असताना, तीही लांबून. त्यामुळे माझ्या डोक्यात ते आलंच नाही. फॅक्टरीच्या रेघा सतरा दसऱ्यांनी पुसल्या होत्या.

मी घरात जाऊन बॉसला फोन केला. फ्रँक सगळं ऐकून म्हणाला, "स्टोरी छान आहे. पण तो तुझ्या देशाचा आहे म्हणून तू विश्वास ठेवतोयस का?"

मला राग आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून जास्तच आला. "इकडे ये आणि स्वतः बघ," मी म्हणालो.

फ्रँक येईपर्यंत मी पुन्हा कामाला लागलो. मशीनने घासलं तर पट्टी कडेपासून कडेपर्यंत साफ होते. माणसाचं बोट मात्र कोपऱ्यात शिरत नाही. पट्टीच्या वर, इंजिनाचं झाकण जिथे ओठासारखं पुढे येतं, तिथे मी टूथब्रशने मळ काढला आणि छोटा आरसा धरला. केसाएवढ्या रेघा, एकीला एक समांतर. बोटाची पोच जिथे संपत होती, तिथून त्या सुरू होत होत्या. आकड्यांच्या कडाही झिजून गोल झालेल्या, जुन्या नाण्यासारख्या. नव्याने ठोकलेल्या आकड्याची कड बोचते. मग मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सवर तोच नंबर, मळाखाली जसाच्या तसा. तिथे कुणी कुंकू लावायला गेलं नव्हतं.

फ्रँकने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काकांना म्हणाला, "सर, तुमचं इंजिन ओरिजिनल आहे. पण यापुढे प्लीज नंबराची पूजा करू नका."

काकांनी मला विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मीच पुसत होतो?"

"हो काका," मी म्हणालो. "आणि सॉरी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: इंजिन मूळचं, नंबराची पट्टी मालकाने धार्मिक कारणासाठी पॉलिश केल्याने झिजलेली. कलेक्टरने फोन करून ते वाक्य मला दोनदा वाचायला लावलं आणि गाडी घेतली. अट एकच घातली, की खाचेतलं कुंकू कुणी काढायचं नाही.

मी आमच्या चेकलिस्टवर पेनाने एक ओळ वाढवली: 'निकाल लिहिण्याआधी मालकाला विचारा, हे कोणी घासलं आणि का.' फ्रँकने पुढच्या छपाईत ती पहिल्या नंबरावर टाकली. मालकाला सांगता आलं नाही तर त्याच्या बायकोला विचारा, हे मात्र त्याने छापू दिलं नाही.