मनुकांशिवायचा केक

कल्याणच्या डायलिसिस केंद्रात बाबांच्या शेजारच्या खाटेवरचे काका सिस्टर सुई टोचू लागली की दर वेळी बजावत, "सिस्टर, माणूस आहे, उशी नाही!" नाताळच्या आधीच्या आठवड्यात पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ वारले आणि बाबांनी उपचार थांबवायचे ठरवले. माझे सारे वैद्यकीय युक्तिवाद निष्फळ ठरले.

नाताळच्या सकाळी, बाबांनी शेवटची ठरवलेल्या फेरीला, काकांनी स्वतः भाजलेला केक सर्वांना वाटला. त्यात मनुका, काजू काहीच नव्हते; त्यांतले पोटॅशियम मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरते, हे त्यांनी लक्षात ठेवले होते.

"अगदीच बेचव आहे हो," बाबा म्हणाले.

"मग शनिवारी येऊन शिव्या घाला. मी असेन-नसेन, तुम्ही या."

परतताना बाबांनी रिक्षात एवढेच विचारले, "शनिवारी किती वाजता निघायचं?"