अक्कांच्या बैठका

रविवारची दुपार. जेवण अंमळ जास्तच झालंय. गुडघ्याखाली उशी घेऊन मी आडवी पडते. बाहेरच्या खोलीत माझे यजमान, दिगंबर, जुना रेडिओ उघडून बसलेत. दर रविवारी तो दुरुस्त होतो आणि सोमवारी बिघडतो. त्याची खरखर हळूहळू लांब जायला लागते.

संध्याकाळी जत्रा कमिटीचा माणूस येणार आहे. यंदा लावणीला उभी राहणार, की घुंगरं कायमची उतरवणार, ते त्याला सांगायचंय. फिजिओथेरपीवाली रेवती म्हणते, नाचा की, पण नाचून पाय तयार होत नाही, नाचासाठी तो वेगळा तयार करावा लागतो. भिंतीला पाठ लावून अर्धं बसा, टाचा उचला, एका पायावर उभं राहा. मी मान डोलावते आणि घरी येऊन काहीच करत नाही.

कारण गोदाअक्का. माझ्या गुरू. गेल्या पौषात गेल्या. नाचणाऱ्या पायाला दुसरं काम लावू नये, पाय रुसतो, हा त्यांचा नियम. गुडघा दुखला की त्या घुंगरांचा आणखी एक पट्टा बांधायला लावायच्या. वजनानं पाय पक्का होतो म्हणे. मी बांधत गेले आणि गुडघा बिघडत गेला. तरी गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा म्हटलं की माझा जीव धजत नाही.

रेडिओ गप्प होतो. खाटेशेजारी जमिनीवर अक्का बसल्या आहेत, चक्क मांडी घालून. शेवटी शेवटी त्यांना खुर्चीतून उठवायला दोघीजणी लागायच्या.

"मांडी घातलीत तुम्ही," मी म्हणते.

"तर! हितं कोण अडवतंय? ऊठ कुंदे. प्वाट बघ किती सुटलंय."

मी उठते, तर पायाखाली तांबडी माती. आमच्या गावची कुस्तीची तालीम आहे ही. इथं बायकांना कधी पाऊल टाकू दिलं नाही. पण भिंतीवर रेवतीकडचे आरसे लावलेत, आणि दाराच्या जागी तमाशाची कनात हलतेय.

"अक्का, आपल्याला इथं मनाई आहे."

"मेलेल्या बाईला कोण मनाई करतंय? आन् तू माझ्यासंगं हाईस."

त्या कासोटा खोचतात आणि बैठका काढायला लागतात. खाली, वर, खाली, वर. ज्या गुडघ्यांना मी रोज तेल लावलं, ते गुडघे कुरकुर न करता वाकताहेत. मला रागच येतो.

"तुम्हीच म्हणायचात ना, पाय रुसतो?"

"म्हणायची. माझी बाई मला म्हणायची, तिची बाई तिला. कुणी पायाला इचारलंच न्हाई."

"आणि ते पट्टे?"

अक्का वाकलेल्या असतानाच थांबतात. "ते चुकलं, पोरी. माझं गुडघं गेलं, तवा मला वाटलं, मीच पट्टं कमी बांधलं."

मला हसू येतं आणि लगेच रडू येतं. "मग जिवंतपणी का नाही सांगितलंत?"

"जितेपणी कुठं ठावं हुतं? आता बोलू नगंस. बस."

मी बसते. त्या माझ्या पाठीवर हात ठेवतात. हात गार नाही, नेहमीसारखाच खरखरीत आहे.

"गुडघा आत पाडू नगंस. ती पोरगी काय सांगती ते नीट ऐकत जा. शानी हाय ती."

आरशात आम्ही दोघी दिसतो. आरशातल्या अक्का माझ्याहून तरुण आहेत. किती बैठका होतात कोण जाणे. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं मला हलकं वाटतं. शब्द मोडायचा नव्हताच मला. तो त्यांनी स्वतःच मागे घेतला.

कनातीपलीकडे ढोलकीवर थाप पडते.

"जा. तुला हाक हाय," अक्का म्हणतात.

"तुम्ही?"

"मी बसते आनखी थोडी. किती दिसांनी बसाय मिळतंय." आणि त्या पुन्हा खाली वाकतात, खुशीत.

रेडिओवर कुणीतरी बाजारभाव सांगतंय. ऊन भिंतीवरून उतरलंय. मी पाय खाली सोडून उठायला जाते आणि कळवळून परत खाटेवर बसते. दिगंबर हातातला पेचकस टाकून धावत येतात.

"गुडघा?"

मी गुडघा दाबून बघते. मग वर हात नेते. दोन्ही मांड्या दगडासारख्या भरून आल्यात, थरथरताहेत.

"गुडघा नाही. मांड्या."

"जेवून झोपलीस ना? मांड्या कशानं भरल्या?"

"अक्कांनी बैठका काढायला लावल्या."

ते माझ्याकडे बघतात. वेड लागलंय की काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतंय.

"कमिटीचा माणूस आला की सांगा, मी उभी राहणार म्हणून," मी म्हणते.

ते मान हलवतात. मग विचारतात, "तेल लावून चोळून देऊ?"

"राहू द्या," मी म्हणते. "थोडा वेळ दुखू द्या."